डाग खाजत नाहीत

३ जुलै, गुरुवार
आज खि.पूरला, खिदिरपूरला, मेंदी शिकायला गेले नाही. शिकवणाऱ्या आपाला मेसेज टाकला. घरीच वहिनीच्या हातावर डिझाइन बसवून बघितलं, रविवारच्या डोहाळजेवणाचं. मनगटावर मोर काढला, पुसला. मग हात उलटा केला तर तळव्यावर डाग. तांबूस, मसुराच्या डाळीएवढे. दुसऱ्या हातावर पण तसेच.
विचारलं, खाजतं का. "नाही गं. उष्णतेचे असतील. या कोलकात्यात माणूस वाफवूनच निघतं."
सातवा लागलाय तिला. असेलही उष्णता.
मला माणसांचे हातच जास्त माहीत. तोंडाकडे बघून बोलणं जमत नाही. असे डाग कुणाच्या हातावर बघितले नव्हते आधी.

५ जुलै, शनिवार
मेंदी काढली. वहिनी म्हणाली, "भरगच्च काढ, मधे जागा सोडू नको." का ते कळलं. डाग झाकले सगळे. कोन आपाने स्वतः भरून दिलेला, मुद्दाम साधी मेंदी, काळी नाही.
दादा बजबजहून उशिरा आला. डेपोत टँकर अडकलेला. वहिनीचे हात बघून "वा" म्हणाला आणि टीव्ही लावला.

६ जुलै, रविवार
डोहाळजेवण झालं. मंडळातल्या बायका आल्या. फुलांची वाडी गरियाहाटहून आणली, मोगरा कोमेजलेला होता थोडा. पेढा-बर्फीच्या वाट्यांत पेढा निघाला. म्हणजे मुलगा म्हणे.
जोशीकाकूंनी माझा हात धरून विचारलं, "शाळा सोडून हेच करतेस का गं? कुठे शिकलीस?" आईने सांगितलं, खिदिरपूरला एक बाई आहे. तर काकू म्हणाल्या, "अगंबाई, तिकडे? आमचे हे सांगत होते, तिकडे त्या रोगांचे पेशंट फार. गोदीचा एरिया ना. त्या लोकांच्यात जास्तच." मग सगळ्या हळू आवाजात बोलायला लागल्या.
आई लगेच म्हणाली की आमच्या डॉक्टरांनी हिची ती तपासणी लिहिलीच नाही. म्हणाले, भालो बाडीर बोऊ, ओशोब लागबे ना. चांगल्या घरची सून, तसलं काही लागणार नाही. काकूंना फार आवडलं. आईने ते अजून दोघींना सांगितलं.
मी पन्हं वाटत होते.

९ जुलै, बुधवार
मेंदी उतरायला लागली तसे डाग वर आले. जास्त झालेत. एकदोन ठिकाणी कडेने साल निघतेय.
आईने बघितलं. माझ्यावरच. "तुझ्या त्या आपाची मेंदी. काय काय मिसळतात ही लोकं. पोटुशी बाई आहे, कळायला नको?"
मी म्हटलं, आधीपासून होते. एवढं हळू म्हटलं की कुणाला ऐकू गेलं नाही. वहिनीला गेलं. तिने मुठी मिटून घेतल्या.

१० जुलै, गुरुवार
डॉक्टरकडे मी पण गेले, आईचे गुडघे दुखतात म्हणून. चौरस्त्याजवळचं चेंबर, एसी, माशांची टाकी. डॉक्टरबाबूंनी हात बघितले, मेंदीचा रंग बघितला आणि हसले. अ‍ॅलर्जी. मलम लिहिलं. वहिनीने स्वतः विचारलं, रक्त वगैरे तपासायचं का? तर म्हणाले, "आप लोगों का क्या टेस्ट करना, मैडम. वो तो दूसरे लोगों में होता है."
मेंदीची अ‍ॅलर्जी खाजते. आपाच्या एका गिऱ्हाइकाला काळ्या मेंदीने झाली होती, रात्रंदिवस खाजवून खाजवून फोड आले होते. वहिनीचे खाजतच नाहीत. हे तिथे बोलायचं होतं. मासे बघत बसले.

१२ जुलै, शनिवार
खि.पूर. लग्नाची ऑर्डर होती, नवरीचे पाय माझ्याकडे आले. मधेच आपाला सांगितलं वहिनीचं. आपाशी बोलता येतं मला, ती पण कोनाकडेच बघत बोलते म्हणून असेल.
तिने कोन खाली ठेवला. विचारलं, "खुजली?" नाही. "पाँव में?" माहीत नाही.
मग नवरीच्या बहिणी चहाला गेल्यावर सांगितलं. तिला झाले होते असेच, पहिल्या वेळी, पोटात असताना. गल्लीतल्या फुकट दवाखान्यात गेली ती उशिराच गेली. तिथे न विचारताच रक्त काढतात. इकडच्या सगळ्या बायकांचं काढतात, म्हातारीला पण सोडत नाहीत. तिचं निघालं, सिफिलिस. नवरा बोटीवर रंगकाम करायचा, त्याच्याकडून आलेलं. सुया दिल्या, ती बरी झाली. बाळ आधीच गेलेलं होतं.
"सिस्टर ने सबके सामने डाँटा। जैसे मैं बाज़ार से ख़रीद के लाई।"
म्हटलं, सगळे म्हणतात इकडे जास्त आहे. ती म्हणाली, "इधर सबका निकालते हैं, तो इधर ही निकलेगा ना। तुम्हारे उधर कोई निकाले तो।" मग हसून, "हमारा ख़ून मीठा है शायद।"
नवरीच्या डाव्या पायाची वेल वाकडी गेली. आपाने स्वतः नीट केली.

१३ जुलै, रविवार
एक गोष्ट आठवतेय सारखी. होळीच्या सुमारास दादा पाय सोडून सोफ्यावर बसलेला, तळपायाला डाग. मीच विचारलं होतं. "सेफ्टी शूजनी होतं गं." नंतर गेले ते आपोआप.
त्याच्या आधी तो बाहेरगावी साईटवर एकटा होता, दिवाळीनंतर. लग्न नवीन होतं तरी पाठवलं म्हणून वहिनी रडलेली.
लिहिताना हात घाण वाटतोय. दादा आहे तो. मी शाळेत जायचं बंद केलं तेव्हा बाबा मला वर्गापर्यंत ओढत नेणार होते, त्यानेच सोडवलं. म्हणाला, नाही जमत तिला, राहू दे.
बाळ.

१६ जुलै, बुधवार
सांगितलं. वहिनी पोळ्या लाटत होती, मी भाजत होते. तव्याकडे बघत सगळं सांगितलं. आपाचं, बाळाचं, रक्ताचं. दादाच्या पायाचं पण.
लाटणं थांबलं.
"तू मला काय समजतेस?"
म्हटलं, तुला नाही, वहिनी.
"मग तुझ्या भावाला? कुठल्या कुठल्या बायकांत बसतेस आणि घरात येऊन हे बोलतेस. माझं लग्न बघून दिलंय, रस्त्यावरून नाही आणलं मला."
पोळी जळाली. आई आतून, "काय जळतंय गं?"
वहिनीने पुढची पोळी लाटायला घेतली.

१८ जुलै, शुक्रवार
वहिनी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी आईकडे मागते.
आईने सांगितलं, आता खि.पूर बंद. माझे कोन फ्रीजमधून काढून कचऱ्यात टाकले. म्हणाली बंगाली पार्लर बघ बेहालात, तिथे शिक. बाबा पेपर वाचत होते. "शिकू दे की कुठेही, करतेय काहीतरी." आईने बघितल्यावर परत पेपर.
दादाला काही माहीत नाही. मला मोमो आणले त्याने.

२२ जुलै, मंगळवार
मी गच्चीवर कपडे काढत होते, पावसाचं भरून आलेलं. वहिनी जिना चढून आली, या दिवसांत. टाकीच्या कठड्यावर बसली आणि चपला काढल्या. तळपाय वर केले.
तसेच. तेच.
"मलम लावतेय रोज," म्हणाली. मग म्हणाली, "काल त्याला विचारलं मी. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. कुणी सांगितलं तुला, एवढंच विचारलं."
थेंब यायला लागले. उठेना.
"तुझी आपा कुठल्या दवाखान्यात गेलेली?"
म्हटलं, परत डॉक्टरबाबूंना सांगू या का, की टेस्ट लिहाच. तर म्हणाली, "ते आईंना फोन करतील. आईंना काय सांगू?"

२४ जुलै, गुरुवार
आईला सांगितलं मेट्रोने माझेरहाटपर्यंत जाऊन येतो, बाळाची लोकर बघायला. तिथून ऑटो. वहिनीने साधा ड्रेस घातलेला, ओढणी डोक्यावरून. गल्लीत पाणी साचलेलं, आपाने हात धरून नेलं.
दवाखान्यात भिंतभर त्या रोगांची पोस्टरं. उर्दू, हिंदी, बंगाली. डॉक्टरबाबूंच्या भिंतीवर मासे आणि हसरं बाळ.
सिस्टरने वहिनीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मंगळसूत्र बघितलं. "आप इधर की नहीं लगतीं।" वहिनी खरं बोलली, बेहाला. तर म्हणे, "अच्छे घर से हैं आप। आप लोगों का वो वाला हम नहीं करते, बाद में झमेला होता है। वज़न, बीपी करा लीजिए, बस।"
इथे पण तेच.
वहिनी उठायला लागली. मी तोंड उघडलं, आवाज नाही. तेवढ्यात आपाने पुढे होऊन तिला आपली जाऊच करून टाकलं, "अरे सिस्टर, मेरी देवरानी है। इधर ही रहती है, मेरे घर में। बेहाला मायका है।"
"नाम?"
"मानसी।"
सिस्टरने पेन थांबवून बघितलं. "मानसी?"
"लव मैरिज," आपा म्हणाली.
एवढं पुरलं. हात ओढला, रबर बांधला, रक्त घेतलं. एक शब्द विचारला नाही. मघाशी आप होती, आता "मुट्ठी बाँध, हिल मत।"
बाहेर आल्यावर वहिनी हसायला लागली. ओढणीत तोंड घालून, थांबेचना. आपा पण. मग वहिनी हसत होती का रडत होती ते कळेना, आपाने तिला धरून ठेवलं. म्हणाली, "ऊन ले लो, ख़ाली हाथ जाओगी तो सास पकड़ लेगी।"
पिवळी लोकर घेतली.

२९ जुलै, मंगळवार
निघालं.
सिस्टरने बाकावरच्या सगळ्यांसमोर सांगितलं. आपाला सांगितलं असेल तसंच. "शरम नहीं तुम लोगों को, पेट में बच्चा है और अब आई हो।" वहिनी खाली बघत होती. तिला असं कुणी बोललेलं नाही आजवर, जन्मात. मला वाटलं उठून सांगेल मी कोण आहे. नाही सांगितलं.
सुई दिली, कमरेखाली दोन्हीकडे. बाहेर आली तर ओठ पांढरे. अजून सुया आहेत, आठवड्याने एक. आणि, "मर्द को लाओ। उसको नहीं लगी तो ये सब पानी में।"
बाळाचं? सिस्टर म्हणाली, आत्ता सांगता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी करा. ताप येऊ शकतो आज-उद्या. बच्चा कम हिले तो बैठना मत, सीधे भागना.
ऑटोत एक डोक्यात आलं. तिने नाव आपाच्या गल्लीत लिहिलंय. म्हणजे खि.पूरचा एक पेशंट वाढला. बेहालात कुणी नाही ते नाहीच. जोशीकाकूंचं खरंच होत जाणार.
वहिनीला सांगितलं नाही. डोळे मिटून बसलेली.

३० जुलै, बुधवार
ताप आलाय तिला. आई म्हणते पावसात भिजली. काढा दिला.
सकाळी दार लावून दादाशी बोलली. आवाज नाही आला बाहेर. दादा आला तो थेट माझ्यासमोर. "हे सगळं तुझ्या त्या आपाचं." मी त्याच्या हातांकडे बघत होते. म्हटलं, शुक्रवारी दवाखाना सकाळचा असतो, दादा. तू ये.
एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोलले ते आठवत नाही.
"त्या ठिकाणी? तिथे माझे ड्रायव्हर जातात. कुणी बघितलं तर?"
डबा न घेता गेला. आई गॅलरीतून हाका मारत राहिली.

३१ जुलै, गुरुवार
दादा काल आलाच नाही. बजबजला डेपोत राहिलो असा बाबांना मेसेज. मला, वहिनीला काही नाही. आता फोन बंद.
वहिनीचा ताप उतरला. जेवली थोडं. मग भांडी घासताना मला विचारलं, "सकाळपासून हललंय का गं?" जसं मला माहीत असणार. म्हणाली, हललं असेल, माझं लक्ष नव्हतं. साखरेचं पाणी प्यायली, डाव्या कुशीवर झोपली. माझा हात घेऊन पोटावर ठेवला. "तुझा हात हलका आहे, तुला कळेल."
एका हाताने लिहितेय. दुसरा तिथेच आहे. गरम आहे पोट, घट्ट. तिच्या श्वासाने वरखाली होतंय, तेवढंच. मधे एकदा वाटलं काहीतरी. परत नाही.
आई पलीकडच्या खोलीत दुपारची पडलीये. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं तर तिला उठवावं लागेल. तिथे विचारतील काय सुई घेतली, कशासाठी, सगळं तिच्यासमोर. वहिनी मान हलवतेय, नको.
मी हाक मारतेय आईला. पहिल्यांदा आवाज आला नाही. परत मारते.