पानांची पोती

१६ एप्रिल
वॉचमनची पुन्हा तक्रार. आई सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा गोळा करते आणि पोती भरून बाल्कनीत रचते. कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही.
"फेकतात कशाला गो? राबाला किती व्हईल."
म्हटलं, आई, हे मांजर्ली आहे, आपला पाडा नाही.
"पानाला काय ठावं?"

१९ एप्रिल
अंबरनाथहून सुदामचा फोन. यंदा वरचं शेत ओस ठेवणार. "ताई, लावणीला कंपनी सुट्टी देत नाही, माणसं मिळत नाहीत. आईला तूच सांग."
मीच का? शेत धाकट्या भावाचं आणि वाईट बातमी बहिणीची.
नाही सांगितलं. ती पोत्याचं तोंड शिवत होती.

२० एप्रिल
दिवाळी अंकाला डोंगरातल्या बालपणावर लेख हवाय. 'निसर्गरम्य' हवा, संपादक म्हणाले. शाळेआधी ऐनाच्या टहाळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरायचं. केसांत लाल मुंग्या, मान दिवसभर वळायची नाही. शेण, टहाळ, पाला, वरून माती. ते सगळं वाफ्यावर भाजायचं, तोच राब, म्हणजे भाताचं रोप जोमानं येतं. वर्गात गुरुजी म्हणायचे, धुराचा वास येतोय, मागे बस. यात रम्य काय शोधू?
आईला विचारलं, तुला काय आवडायचं तिथलं?
"आवडायला येळ कुठं व्हता?"
लेख तसाच पडलाय.

२७ एप्रिल
शेताचं सांगितलं एकदाचं. मेथी निवडत होती. हात थांबला नाही. "बरं," एवढंच.
रडली असती, भांडली असती तर... मग मीच भांडले, त्या पोत्यांवरून. नंतर वाईट वाटलं. पोती मात्र तिथंच.

२ मे
भाजी घेऊन आले तर बाल्कनी रिकामी. शेजारच्या काकू म्हणाल्या, आई पोती टेम्पोत घालून गेली, बारवीकडे. म्हणजे पाड्यावरच. फोन इथंच, चार्जिंगला. रिक्षा करून मागोमाग गेले, वाटभर चिडचिड.
पोचले तर वरच्या खाचराच्या कोपऱ्यात राब धुमसतोय आणि ही कडेला काठी घेऊन उभी. पदर काळा, डोळे लाल.
"भाजला," म्हणाली.
संताप आला आणि रडूही. भाजलेला राब आमच्यात बिनपेरता ठेवत नाहीत. जेवायला बसवून ताट ओढून घेतल्यासारखं ते. हे तिला माहीत आहे. मला, सुदामलाही.

३ मे
काल रात्री आईला घेऊन परतले. आज सुदामला कळवलं, तर फोनवर ओरडला. "तुला लक्ष ठेवता येत नाही? आता पेरावं लागणार!" मग आवाज खाली आला. "पेर मी टाकतो एखाद्या रविवारी. लावणीचं काय? तू येशील?"
माझी कंबर, माझी कामं. किती वर्षांत चिखलात पाय नाही. "बघते," म्हटलं.
आतून आई, "बघते म्हंजे येते, सांग त्याला!"
फोन ठेवून आत गेले तर तिनं स्वतःचं जुनं लुगडं काढून ठेवलेलं. "चिखलाला हेच बरं. तुझे ते ड्रेस नकोत."
मी येणार नाही, असं तिला सांगायचंय. दुपारपासून सांगायचंय.