सपाटीचे जेट

मी, देवदत्त प्रल्हाद रामटेके, वय ६१, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार रेडमंड, वॉशिंग्टन, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाविना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मंगळवारपासून माझा स्वतःचा मात्र त्या दाखल्यावर विश्वास नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी शोभनाला, तिच्यामागे मुलगी ऋताला. यात कोणी फाटे फोडू नयेत.

२. पाने, सॉकेट आणि हत्यारांची पेटी ऋताला. काम झालं की वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात. बापाने ठेवल्या नाहीत, त्याचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

३. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी. ही अकरा वर्षं ताडपत्रीखाली आहे. शेवटच्या फेरीत गोठलेल्या तळ्यावर ती उभ्याउभ्या आपोआप पुढे सरकायला लागली, थोड्याच वेळात इंजिन जाम झालं. शोभना आणि मी चार मैल बर्फातून चाललो. हिमदंशाने तिच्या पायाची दोन बोटं गेली. आदल्या दिवशी क्लचचा पट्टा माझा मित्र धम्मदीप याने बसवला होता. त्यानेच क्लच बिघडवला, असं मी इथल्या आमच्या मंडळात सगळ्यांसमोर बोललो. त्याने मान खाली घातली आणि मंडळाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला येणंही सोडलं.

मंगळवारी या यादीसाठी त्या फेरीतलं जुनं जॅकेट झटकलं, तर खिशातून शोभनाच्या गोळ्यांची डबी निघाली. आत कार्बुरेटरचे पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या होत्या, वर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात ‘सपाटीचे’. डोंगरावर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी सोडणारे लहान जेट लावायचे. खाली तळ्यावर पुन्हा मोठे. त्या दिवशी ते बदलायचं मी विसरलो होतो. गाडीचा कार्बुरेटर उघडला, आत लहानच होते. पेट्रोल कमी पडलं की गाडी उभी असतानाही इंजिन जास्त फिरतं आणि क्लच आपोआप पकडतो. मग जोरात पळवलं की तापून जाम होतं. मीच केलं हे.

ऋता म्हणाली, “बाबा, जस्ट कॉल हिम.”

शोभनाला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, “आधी त्याला सांगा. माझ्याशी नंतर बोला.”

फोन उचलताच धम्मदीपने विचारलं, “दादा, वहिनी बऱ्या आहेत ना?” सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “यार दादा, अकरा वर्षं मी तो पट्टा मनातल्या मनात परत परत फिट करतोय.”

४. स्नोमोबाइल धम्मदीपला, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. साक्षीदार म्हणून मला त्याचीच सही हवी, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकील सांगतात. म्हणून गाडी आज मी माझ्या हाताने त्याला दिली. मेल्यावर माफी मागायची सोय मला नको.

५. मंडळाच्या पुढच्या सभेत मी हे उभं राहून सांगेन. तोवर जगलो नाही, तर ऋताने हा कागद तिथे मोठ्याने वाचावा.

ठिकाण: रेडमंड
दिनांक: १८ जानेवारी २०२५
सही: देवदत्त रामटेके

साक्षीदार:
१. भावना मेश्राम, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.
२. धम्मदीप गजभिये. सही माझ्यासमोर झाली. क्लच ठीक होता.