दाराबाहेर सांगायची गोष्ट

बाबा, माझं इथलं, परदेशातलं डॉक्टरकीचं लायसन्स आलं. तुम्ही असतात तर कराडच्या दवाखान्यात पेढे वाटले असतेत. पण पहिल्या खेपेला मी तुमच्यामुळे नापास झाले, हे काही ऐकून घेतलं नसतंत.

तिकडची डिग्री, तुमच्या हाताखाली काढलेली वर्षं, कौन्सिलचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र, सगळं दिलं इथल्या लोकांना. तरी परीक्षा द्यावीच लागते. पेशंटच्या जागी नटमंडळी बसवतात. माझ्यासमोर साठीच्या एक बाई होत्या, शेजारी त्यांचा खोटा मुलगा. रिपोर्ट वाईट होता, तो सांगायचा होता. मी काय केलं? मुलाला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर येता का?" बाई बघतच राहिल्या. परीक्षक काहीतरी लिहीत होता, आणि मला आपलं वाटतंय, छान जमलं.

शिकवणच तशी तुमची. "पेशंटला कधी सांगायचं नाही. मुलाला दाराबाहेर घ्यायचं, खांद्यावर हात ठेवून सांगायचं. पेशंटला म्हणायचं, पित्त आहे." दवाखान्याच्या त्या पायरीवर किती जणांना तोंडात रुमाल कोंबून रडताना पाहिलंय मी. आत पेशंट गोळ्या घेऊन खूश.

नापास झाल्यावर इथल्या पापाकुरा गावातल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामाला लागले. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, भरवायचं. लाज नाही वाटली, राग आला. संध्याकाळी टाकानिनी गावातल्या आमच्या घरी लेकीला पेशंट म्हणून समोर बसवून "तुम्हाला कॅन्सर आहे" हे एकच वाक्य घोकायचे. जिभेवर यायचं नाही. ती म्हणायची, "जस्ट टेल हर, मम. इट्स हर बॉडी." मी मराठीत चिडायचे, ती इंग्रजीत समजवायची. शाळकरी पोरीला कळतं ते तुम्हाला का कळलं नाही, बाबा?

आईलाही तुम्ही पित्तच सांगितलंत. मला दाराबाहेर घेतलंत, खांद्यावर हात ठेवलात, आणि मी डॉक्टर असून गप्प बसले. मावशीशी तिचा अबोला होता. आई पडल्या पडल्या म्हणायची, "बरी झाले की दिवाळीला मीच जाईन तिच्याकडे. किती दिवस तोंड फिरवून बसायचं." दिवाळीच्या आधीच गेली. कळलं असतं तर त्याच दिवशी बहिणीला बोलावून घेतलं असतं तिनं. ते तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत, आणि वर त्याला दया म्हणत राहिलात. कसली डोंबलाची दया. तिचं रडणं तुम्हाला बघवणार नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला वेगळ्या बाई होत्या, एकट्याच. मी त्यांच्याकडे बघून सांगितलं, कॅन्सर आहे, पसरलाय, बरा होणार नाही. त्यांनी विचारलं, "माझ्या मुलाला माहितीये का?" म्हटलं, "नाही. आधी तुम्हाला सांगतेय." पास झाले. घरी येताना गाडी बाजूला लावून खूप रडले.

मावशी अजूनही विचारते, "ताईनं शेवटी माझं नाव तरी काढलं का गं?" आई येणार होती म्हणावं, तर मग आली का नाही, हे ओघानं आलंच, आणि तिथे तुमचं नाव घ्यावं लागतं. म्हणून मी म्हणते, शेवटी ती शुद्धीवर नव्हती. होती, बाबा. शेवटच्या दिवसापर्यंत होती. काल लायसन्सची बातमी द्यायला फोन केला, तेव्हा मावशीनं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.