माप किती दिवसांनी पुसावं

हौगांग,
सिंगापूर, २३ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. योएल यास अनेक आशीर्वाद, शालोम.

सकाळी वॉटर्लू स्ट्रीटच्या सिनेगॉगमध्ये गेलो. दहा जण जमले, कद्दिशची प्रार्थना म्हटली. येताना तांदूळ आणले, कपडे धुतले. काल तुझ्या आईला जाऊन तीस दिवस झाले. तुमच्या येशिवाच्या पाठशाळेत फोन चालत नाही म्हणून लिहितो आहे.

युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. तुझी इंजिनिअरिंगची जागा आता शेवटची एकदाच राखून ठेवणार आहेत. ३१ मार्चपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. एनएसची लष्करी सेवा संपल्यावर तू एक वर्ष तोरा शिकायला म्हणून जेरुसलेमला गेलास, त्याला दोन वर्षं झाली. आयुष्यभर दिवसभर पुस्तकच घेऊन बसायचं, हे मला पटलं नव्हतं. आईला पटलं होतं की नाही, ते ती मला बोलली नाही.

तिच्या नावाने वाचायला तू मिश्ना या जुन्या नियमग्रंथाचे अध्याय घरात वाटून दिलेस. माझा अध्याय मी आंग मो किओला कामावर जाता-येता इंग्रजीत वाचून संपवला. त्यात, थर साचून माल कमी भरू नये म्हणून मापं पुसण्याचा नियम आहे. घाऊक विक्रेत्याने तीस दिवसांनी पुसावं, घरच्या माणसाने वर्षातून एकदा. एक रब्बी म्हणतात, बरोबर उलट. तेवीस वर्षं मी कारखान्यात वजनकाटे तपासतो आहे, मला उलटंच बरोबर वाटतं. पेणला माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद, बाकी दिवस चालू. रोजच्या मापात थर बसत नाही, फडताळात पडून राहिलेल्या मापात बसतो, असं आजी सांगायची.

मात्र तुझ्यासारखे कोणी दिवसभर बसले नसते, तर मला गाडीत वाचायला हे उरलंच नसतं. तेव्हा जागेचं तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

प्रकृतीला जप. माझ्यावर राग धरू नकोस.

बाबा

जेरुसलेम,
१९ मार्च २०२५

ती. बाबांना नमस्कार आणि शालोम.

तुमचं पत्र माझा अभ्यासाचा जोडीदार मेईर याला अर्थ सांगत वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, वडील रब्बी आहेत हे मी लपवून ठेवलं. मी सांगितलं, ते सिनेगॉगमध्ये शेवटच्या बाकावर बसून घड्याळ बघतात.

ते पान आम्ही पूर्वी दोनदा केलं होतं, पाच मिनिटांत. या वेळी दोन दिवस भांडलो. शेवटी स्वयंपाकघरातून तेलाची दोन मापं आणली. एक रोज वापरलं, एक आठवडाभर खिडकीत ठेवलं. तुमच्या आजी जिंकल्या. आचारी अजून माझ्याशी बोलत नाही. तोपर्यंत आम्ही दोघांनी माप कधी हातात धरलंच नव्हतं.

सुट्टीत केलेल्या शेवटच्या फोनवर आईने विचारलं होतं, शिकलेलं घरी कधी आणणार. मी म्हटलं, अजून शिकून झालं नाही. ती नुसती हसली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

काल लायब्ररीतून युनिव्हर्सिटीला हो कळवलं. रब्बींना सांगताना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, सुट्टीत ये, तुझं बाक कोणाला देत नाही. मी शिकणं सोडत नाहीये बाबा, म्हणून एक अट आहे. रोज सकाळी अर्धा तास तुम्ही माझे जोडीदार.

जुलैत येतो. मराठीतल्या चुका काढू नका हं, शिकवणारी आता नाही.

तुमचा,
योएल

हौगांग,
२८ मार्च २०२५, शुक्रवार

चि. योएल यास आशीर्वाद, शालोम.

आज लवकर घरी आलो. खाली लेटरबॉक्समध्ये तुझं पत्र होतं. दोनदा वाचलं. चुका तीन आहेत, सांगत नाही. घड्याळ मी बस चुकू नये म्हणून बघतो.

अट मान्य. कारखान्यात विचारून ठेवलं, ऑगस्टपासून अर्धा तास उशिरा गेलो तरी चालेल. पण मला हिब्रू अक्षरं धड येत नाहीत, आणि भांडायची सवय तर अजिबात नाही. दोन्ही तुलाच शिकवावं लागेल. रब्बींना शालोम सांग. सुट्टीत तुला मी स्वतः पाठवीन, हेही सांग.

आईने विचारलेलं कळवलंस, बरं केलंस.

शब्बाथ लागायला दीड तास आहे. लोभ आहेच, येताना शिकलेलं घेऊन ये.

बाबा

ता. क. आईचा केकसाठीचा वजनकाटा जानेवारीपासून कपाटातच होता. पारड्याला साखर चिकटली होती. आत्ता कोमट पाण्याने पुसून ओट्यावर ठेवला.