तळ्यावर गाडी कोण चालवणार

हवल्ली, कुवेत
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. आदित्य,

आशीर्वाद. आमचं इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही तसंच असावं, असं यानंतर लिहायची पद्धत आहे. पण तुमच्याकडे ठीक नाही हे मला माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतोस. मग फोन ठेवल्यावर आपणच बरोबर होतो असं मला वाटत राहतं. लिहिताना निदान माझं वाक्य मला पुन्हा वाचता येतं. रोज डायरी लिहिणाऱ्या बाईची खोड म्हण हवं तर.

इथं थंडी आहे. तू हसशील, पण परवा सकाळी नऊ अंश होते आणि आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका कानटोप्या घालून आल्या होत्या. निखिलची कामावरची पाळी बदलली, त्यामुळे तुझा मेहुणा दुपारी घरी असतो आणि मला रसायनशास्त्राचे पेपर तपासू देत नाही. जुईलीने बाबांचा फोटो फोनवर लावला आहे: कुत्र्यांच्या घसरगाडीत बसलेले, तुझा जाडा कोट घातलेला, मिशांना बर्फ लागलेला. मैत्रिणींना दाखवत म्हणते, "माय आजोबा इज अ लेजंड." हा फोटो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला, म्हणजे बोटं शाबूत असतानाचा. ते तिला मी सांगत नाही.

तुझा मंगळवारचा मेसेज बऱ्याचदा वाचला. "बाबांना परत तळ्यावर जायचंय. मार्चमध्ये, बर्फाचा रस्ता बंद व्हायच्या आत. या वेळी गाडी ते चालवणार म्हणतात. ताई हो म्हणाली तरच, असं मी सांगितलंय." खाली हात जोडलेलं चित्र.

आदित्य, तुला लिहिताना काहीच वाटलं नाही?

शहात्तर वर्षांच्या माणसाला तू उणे अडतीसमध्ये, गोठलेल्या तळ्यावरून, तासाभराच्या अंतरावरच्या लाकडी खोपटाकडे घेऊन निघालास. कशासाठी, तर आकाशातला हिरवा उजेड बघायचा आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायचे. वाऱ्याने बर्फ रस्त्यावर आणून टाकला होता, गाडी त्यात रुतली, इंजिन बंद झालं ते पुन्हा चालू झालं नाही. बाबा हातमोजे काढून बॅटरीच्या वायरी घट्ट करत बसले. मासेमारीहून परतणारे लोक त्या वाटेने आले म्हणून तुम्ही दोघं वाचलात. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, पायाची तीन बोटं गेली. तुला खरचटलंही नाही. हे शेवटचं वाक्य लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण ते खरं आहे आणि पाच आठवडे मी तेच मनात घोळवते आहे.

नाशिकला लीनामावशीला मी काय म्हणाले तेही तुला कळलं असेल. "आदित्यने बाबांना जवळजवळ मारलंच होतं." मावशी म्हणाली, "अगं, असं बोलू नये." मी म्हणाले, "मग काय म्हणू? त्याने स्वतः कबूल केलंय की इंजिन त्याने बंद केलं." कबूल तू केलंच होतंस. डॉक्टरांकडे, मावशीकडे, माझ्याकडे. तेच एक वाक्य: "मी बंद केलं, पेट्रोल वाचावं म्हणून."

बाबांनाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, त्याने बंद केली गाडी. मी काय करणार? शिकलेला मुलगा आहे." आणि लगेच उत्तरेच्या उजेडावर घसरले. "शलू, आपल्या वाळवंटात नुसते तारे होते. इथं आकाश हलतं. पडदा हलावा तसं. तुझ्या आईला दाखवायला हवं होतं." एवढं बोलून खोकले. मीच फोन ठेवला.

आता दुसरी एक बातमी. काल शुक्रवारी आम्ही वाळवंटात, सालमीच्या रस्त्याला गेलो होतो. आमच्या शाळेत हिंदी शिकवणारी बिल्कीस आणि तिचा नवरा यासिर, दोघं रत्नागिरीची. निखिल झोपला होता, जुईली येत नाही म्हणाली, म्हणून मी एकटीच त्यांच्याबरोबर. तंबूंचे दिवस आहेत, सगळा कुवेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. डांबरी सोडून आत वळलो तेव्हा यासिरने गाडी माझ्या हातात दिली. "चालवा ताई, तुम्ही इथल्याच. आम्ही काल आलेले." मला बरं वाटलं. पाचच मिनिटांनी मऊ वाळूत चाकं रुतली.

आणि मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अहो ताई, बंद कशाला केलीत?" यासिर म्हणाला. "ही काय ऐंशी सालची गाडी आहे, तापायला?"

"राहू दे," बिल्कीस मागून म्हणाली, "तिच्या बाबांचा काहीतरी नियम असणार. प्रत्येक गोष्टीत असतो."

"आहे," मी म्हणाले, आणि सांगितला. तुला पाठ आहेच. रुतलो की आधी इंजिन बंद, मग तोंड बंद, मग फावडं.

बिल्कीस इतकी हसली की तिचा चहा सांडला. नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत ना? तोंड बंद करा आणि फावडं घ्या."

मीही हसले. पण यासिर वाळू उपसत असताना मी स्टिअरिंगवर हात ठेवून किल्लीकडे बघत बसले होते. किल्ली फिरवायचं मी ठरवलं नव्हतं. हाताने फिरवली. लहानपणी आपल्या जुन्या स्टेशन वॅगनचं इंजिन वाळूत झगडताना खरंच तापायचं, पाणी उकळायचं, म्हणून तो नियम होता. ती गाडी भंगारात जाऊन किती वर्षं झाली. हाताला ते कुणी सांगितलेलं नाही.

आदित्य, तू अकरा वर्षं तिथं राहतोस. इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेची तार जोडून झोपतोस. आम्ही आलो होतो त्या डिसेंबरात तू दूध आणायला उतरलास तरी इंजिन चालू ठेवायचास. "काय हे पेट्रोल जाळणं," म्हणून मी तुझ्याशी भांडले होते. तू म्हणाला होतास, "ताई, इथं बंद केलेली गाडी म्हणजे लोखंडाची पेटी." हे तुझेच शब्द. आणि तू तळ्याच्या मधोमध, दिवे तसेच चालू ठेवून, इंजिन बंद करशील? पेट्रोल वाचावं म्हणून?

तू मागच्या चाकांपाशी बर्फ उपसत होतास. पहिल्याच मेलमध्ये तूच तसं लिहिलं आहेस. मग चालकाच्या जागेपाशी कोण होतं?

हे मला पाच आठवडे का सुचलं नाही, असं काल परतताना स्वतःला विचारत होते. उत्तर चांगलं नाही. सुचलं असतं तर बाबांवर रागवावं लागलं असतं. तुझ्यावर रागावणं सोपं पडतं, त्याची सवय आहे.

आता तू म्हणशील, कळलं ना, मग आता राग सोड. नाही सोडत. उलट आता जास्त आहे.

इंजिनाचा आवाज थांबला तेव्हा तुला ऐकू आलं असणार. तळ्यावर दुसरा आवाज कुठला? तेव्हाच तू म्हणायला हवं होतंस, "बाबा, चालू करा." फक्त तीन शब्द. तू म्हणाला नाहीस. ते करतील चालू, त्यांना गाडीतलं कळतं, आत्ता बोललो तर चिडतील, असं काहीतरी डोक्यात आलं असेल आणि तू फावडं मारत राहिलास. मी तिथं नव्हते, तरी मला हे लख्ख दिसतं. मीही तेच केलं असतं. त्यांनी इथं तीस वर्षं तेल कंपनीच्या गाड्या आणि पंप दुरुस्त केले, हाताखाली साठ माणसं होती, सगळा कॅम्प त्यांना राजाभाऊ म्हणायचा. गाडीबद्दल त्यांना कुणी काही सांगितल्याचं आपण दोघांनी कधी ऐकलेलं नाही. आईनेसुद्धा नाही.

आणि नंतर तू दोष स्वतःवर घेतलास. तुला ते मोठ्या मनाचं वाटत असेल. मावशीला कळलं तर तिलाही वाटेल, डोळे पुसत सगळ्यांना सांगेल. मला तो भित्रेपणा वाटतो. बाबांना खरं सांगायला लागू नये म्हणून तू जगाला खोटं सांगितलंस. त्याचा परिणाम बघ. ते तिथं पट्ट्या बांधून बसले आहेत आणि त्यांच्या डोक्यात पक्कं आहे की तुला गाडी सांभाळता येत नाही. म्हणूनच या वेळी त्यांना स्वतः चालवायची आहे! आठ धड बोटांनी. बर्फावर. आणि पुन्हा रुतले की त्यांचा हात काय करेल, हे तुला माहीत आहे आणि कालपासून मलाही.

ते मुद्दाम खोटं बोलतात की त्यांना आता खरंच तसं आठवतं, हे मला कळत नाही. दोन्हीची भीती वाटते. विचारायचं धाडस तुझ्यात नाही, माझ्यातही नव्हतं.

वर हे नाही म्हणायचं काम तू माझ्याकडे पाठवलंस. ताई हो म्हणाली तरच! म्हणजे ताई नाही म्हणेल, ताई वाईट होईल, आणि तू त्यांच्या शेजारी बसून खांदे उडवशील. चौथीत असताना प्रगतिपुस्तक माझ्या हातून पाठवायचास, तसंच.

मी त्यांना इकडे बोलावण्याचाही विचार केला. तुला शिक्षा म्हणून, हे कबूल करते. व्हिसाची चौकशी केली. मिळाला तरी पाहुणा म्हणून, थोड्या दिवसांसाठी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ज्या गावाचे पंप मी चालवले तिथं पाहुणा म्हणून येऊ? मी इथं बरा आहे. इथं मला कुणी परत जायची तारीख विचारत नाही." त्यांना तिथंच राहायचं आहे आणि पुन्हा त्या तळ्यावर जायचं आहे. तुझ्या घरात, तुझ्या खोपटात, तुझ्या माशांसोबत. हे मला टोचतं. टोचतं म्हणून नाही म्हणते आहे का, हेही तपासून पाहिलं. थोडं तसं आहे. पूर्ण तसं नाही.

म्हणून मी तुला हो किंवा नाही काहीच कळवत नाही. खाली बाबांना पत्र लिहिलं आहे. त्यांना छोटी अक्षरं दिसत नाहीत, म्हणून ते तू वाचून दाखवायचं आहे. समोर बसून, मोठ्याने, एकही शब्द न बदलता. मध्येच "ताईचं म्हणणं असं आहे की" असं करायचं नाही. त्या दिवशी इंजिन खरंच तू बंद केलं असशील, तर मला एका शब्दात कळव आणि पत्र वाचू नकोस. मी मावशीसह सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन.

तसा शब्द येणार नाही, असं मला वाटतं.

शलाकाताई


तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. हे आदित्य वाचतो आहे, पण शब्द माझे आहेत. त्याला मध्ये थांबवू नका.

त्या दिवशी तळ्यावर इंजिन तुम्ही बंद केलंत. आदित्यने नाही. त्याने ते स्वतःवर घेतलं, कारण तुम्हाला बोलायची त्याची हिंमत झाली नाही. आतापर्यंत माझीही झाली नव्हती.

बाबा, तुम्ही चुकलात.

वाळूत ते बरोबर होतं. काल मी वाळूत गाडी रुतवली आणि तुम्ही शिकवलं तसंच केलं, विचारसुद्धा केला नाही. म्हणून तुमच्या हाताने तसं का केलं हे मला कळतं. बर्फावर ते चूक आहे. तुमची बोटं त्यात गेली. आदित्यही गेला असता. तुम्हाला हे आठवत नसेल तर तसं त्याला आत्ताच सांगा. त्यात लाज नाही. आठवत असूनही तुम्ही त्याचं नाव पुढे केलं असेल, तर त्यात आहे.

तुम्हाला तळ्यावर पुन्हा जायचं आहे. जा. आकाश हलताना बघा, मासा धरा, जुईलीला फोटो पाठवा. मी अडवत नाही.

गाडी तुम्ही चालवायची नाही. मार्चमध्येही नाही आणि त्यानंतरही नाही. किल्ली आदित्यकडे राहील. तुम्ही शेजारी बसायचं, हातमोजे काढायचे नाहीत, आणि गाडीबद्दल तो जे सांगेल ते ऐकायचं. तो चुकतो आहे असं वाटलं तरी तोंड बंद ठेवून ऐकायचं.

आम्ही ऐकलं तसं.

तुमचीच,
शलाका