एकाच गाडीतून दोन मतं

निडी, बुधवार

सकाळी अमेरिकेतून शैलाचा फोन. तिथली नागरिक झाल्यावर पोरीनं पहिल्यांदाच अध्यक्षासाठी मत दिलं. तिचं राज्य सगळं शेतीचं, नजर जाईल तिथवर मका. बर्फ पडलेला, म्हणून शेजारचा म्हातारा शेतकरी तिला आपल्या गाडीतून घेऊन गेला. वाटेत कळलं, तो एका पक्षाचा आणि ही दुसऱ्या पक्षाची.

मी विचारलं, "मग दोघांची मतं एकमेकांत फिटली की गो. घरीच बसला असतात तर?"

ती हसली. "आई, इथं ज्याला जास्त मतं, सगळं राज्य त्याच्याच नावावर. नि माझ्या बाजूचा इथं जिंकतच नाय."

मग हिचं मत जातं कुठं? आणि म्हाताऱ्यानं तिला नेलं तरी कशाला? भात झोडताना दिवसभर हेच डोक्यात. त्याच्याच गाडीतून, त्याच्याच विरोधात.

जेवताना ह्यांना सांगितलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून हे आणि धाकटे दीर बोलत नाहीत. शेताला शेत लागून आहे, तरी.

हे म्हणाले, "परत पण त्यानंच आणली?"

"व्हय. वाटेत कॉफी पाजली."

हे हात धुऊन आले आणि म्हणाले, "उद्या झोडणीला माणूस कमी हाय. धाकट्याला हाक मारून बघ."

"मी नाय मारायची. तुम्हीच जा."

गेलेत. एवढं लिहून झालं, अजून परतले नाहीत.