अनोळखी बाईच्या निऱ्या

बाळापूर,
दि. ११ मार्च २०२५

चि. प्राजक्ता हिले,
ताईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही सारे ठीक आहोत. शेवंतीचा शेवटचा तोडा कालच झाला. आपल्या कुलदीपनं विहिरीवर नवा पंप बसवला. तुह्या घरी धर्मेंद्ररावांचा खोकला थांबला का? आचलच्या लग्नाच्या साड्या घेऊन झाल्या असतील.

परवा फोनवर तू म्हणाली, ताई, लग्नाले यायची दगदग करू नको, अमरावतीचं ऊन, त्यात तुह्या कमरेले मार लागला आहे. मी हो म्हटलं अन् फोन ठेवला. फोनवर तू मले पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहून राहिली.

कंबर बरी आहे. काल मी तीन टोपल्या फुलं तोडली.

अकोल्याले महिला मंडळानं ठेवलेल्या आम्हा शेतकऱ्यांच्या सत्काराले तू येणार नव्हती, शाळेत परीक्षा आहे म्हणाली होती. पण स्टेजवर बसल्यावर पाहते, तर दुसऱ्या रांगेत तू. हिरवी साडी, शेजारी चष्म्यावाल्या एक बाई. मले इतका आनंद झाला की मी हात हलवला. तू पर्समध्ये काहीतरी शोधून राहिली होती. मले वाटलं, दिसलं नसेल.

मग माहं नाव पुकारलं. उठायले मी खुर्चीच्या दांडीवर जोर दिला, तर खुर्चीचा पाय मोडला अन् मी मागच्या मागं पडली. टेबलावरचं कापड हाती आलं, त्याच्यासंगं पाण्याचा जग, हारांचं ताट, सारं अंगावर. साडी सुटली. परकराले मारलेलं ठिगळ साऱ्या सभागृहानं पाहिलं.

पहिले कोणी हासलं नाही. मग माइकवाला म्हणाला, "ताईंना सत्काराचं वजन पेललं नाही," अन् सारे हासले. मोबाइल वर झाले. पडल्यापडल्या मी तुलेच पाहून राहिली होती. तू हासली नाही, हे खरं. तू मान खाली घातली होती.

संत्रेवाले खुशालराव, सत्तरीचे, त्याईचाही सत्कार होता. ते गुडघे धरत उठले अन् मोबाइलवाल्यांपुढं आपला दुपट्टा पसरून उभे राहिले.

तुह्या शेजारच्या बाई वर आल्या, मले धरून मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं, माही साडी झटकली, अन् खाली बसून माह्या निऱ्या घातल्या. माहं मन हलकं व्हावं म्हणून बोलत होत्या. म्हणाल्या, "माझ्या होणाऱ्या विहीणबाई आहेत बाहेर, अमरावतीच्या मॅडम. त्यांना म्हटलं, चला, त्या बाईंना सावरू. तर म्हणाल्या, कोण कुठली बाई, मी ओळखत नाही." मग सहज विचारलं, "तुम्ही ओळखता का हो त्यांना?"

प्राजक्ता, आई गेली तेव्हा तू चौथीत होती. तुले पाहायले पाहुणे आले, तेव्हा तू माही साडी नेसली होती.

मी म्हटलं, "नाही. मीही नाही ओळखत."

आचलचं लग्न मोडू नये, एवढंच तेव्हा सुचलं. बाहेर येऊन शाल घेतली अन् तुह्या रांगेपाशून हातभर अंतरावरून गेली. तू वर पाहिलं नाही.

पडल्याचं मले काही नाही. लोक चार दिवस हासतील, मग आपापल्या कामाले लागतील. ते माहे कोणी नव्हते.

तुही अडचण मले समजते. मी मांडवात आली तर विहीणबाई ओळखतील अन् आपण दोघी खोट्या पडू. म्हणून तू कमरेचं काढलं. ठीक आहे, मी येत नाही.

पण काल आचलचा फोन आला. मावशी, पहिली हळद तूच लावायची, म्हणाली. मी म्हटलं, रविवारी सांगते. त्या बाईपाशी मी तुह्यासाठी खोटं बोलली. पोरीपाशी बोलणार नाही. रविवारच्या आत तूच तिले सांग, मावशी काहून येत नाही ते. जसं घडलं तसं.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. घरात कोणी विचारलं, तर हे पत्र कोणाचं म्हणून सांगायचं, ते तू ठरव.

जयवंता